डबा उघडला, वास उडाला

भाजलेल्या कॉफीच्या वासात शेकडो संयुगं असतात. पण ‘ही कॉफीच’ अशी खूण पटवणारं मुख्य संयुग फरफ्युरिल थायॉल. गंधक असलेलं हे संयुग राइकस्टाइन आणि श्टाउडिंगर या रसायनशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात ओळखलं. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, कॉफीसाठी नव्हे हा भाग वेगळा! हवा लागली की या थायॉलचे दोन रेणू हायड्रोजन गमावून एकमेकांना जोडले जातात, डायसल्फाइड तयार होतं आणि वास मंदावतो.

दाण्यातल्या तेलाचं ऑक्सिडीकरण मात्र सावकाश चालतं. अरेबिकाच्या दाण्यात साधारण १५ टक्के तेल असतं, रोबस्टात १० टक्क्यांच्या आसपास. त्यातल्या लिनोलेइक आम्लाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हेक्झॅनलसारखे पदार्थ बनतात आणि पूड खवट लागते.

भाजताना दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड काही दिवस बाहेर पडत राहतो आणि हवेला थोडंफार थोपवतो. दळल्यावर मात्र तो झपाट्याने निसटतो. ताज्या पुडीवर गरम पाणी ओतलं की ती फेसाळून फुगते. शिळी नुसतीच भिजते.

शेगडीवर ताटकळलेली कॉफी आंबटते, त्यात मोठा हात जलअपघटनाचा, म्हणजे पाण्यामुळे रेणू फुटण्याचा. ऑक्सिजनला उगाच दोष नको. कॅफिन या सगळ्यात जवळपास जसंच्या तसं राहतं, त्यामुळे शिळी कॉफीही झोप उडवतेच.

शक्यतो दाणे आणा, लागतील तेवढेच दळा आणि डब्याचं झाकण घट्ट लावा.