जोडीनं आलात तरच दार उघडेल



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या नातवाला जुलाब लागले. ओआरएसची एक लिटरची पुडी घरात होती. ताईंनी ती अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवली. घट्ट केलं की गुण लवकर येईल, असं त्यांना वाटलं. झालं उलटंच, जुलाब वाढले. आशाताई वेळेवर आल्या म्हणून बरं! पुढच्या बैठकीत आम्ही बचतीची वही बाजूला ठेवली आणि हाच विषय घेतला.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पातेल्यात पाणी सुटतं, हे आपण दरवर्षी बघतो. ते पाणी फोडीतल्या पेशींमधून येतं. कैरी असो, शेळी असो की आपण, प्रत्येक पेशीभोवती एक अगदी पातळ, तेलकट पडदा असतो. त्यातून पाणी जातं, पण मीठ-साखर सहजी जात नाही. मग जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. घट्ट कालवलेल्या पुडीनं बाळाच्या अंगातलं पाणी असंच आतड्यात ओढलं. जुलाबात गोड कोल्ड्रिंक पाजू नये, ते यासाठीच.

मग बरोबर कालवलेली पुडी काय करते? आतड्याच्या पेशींच्या पडद्याला बारीक दारं असतात. त्यातलं एक दार मीठ आणि साखर जोडीनं आली तरच आत घेतं. सत्यनारायणाला जोडीनं बसतात ना, तसं. दोघं आत गेली की पाणी मागोमाग जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० साली ही जोडी जगापुढे मांडली.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं विष पेशीची दुसरी दारं उघडी टाकतं. अंगातलं पाणी वाहून जातं, पण हे जोडीचं दार शाबूत राहतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रम भरभरून ठेवलं. ते पाजलं कुणी? आजाऱ्यांच्या घरच्यांनीच. शंभरातले तीसएक दगावत होते, ते चारच्या आत आले.

हे पाणी जुलाब लगेच थांबवत नाही, गेलेलं पाणी भरून काढतं. म्हणून दोन तासांत कंटाळून सोडू नका. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या, चमच्यानं घोट घोट पाजा, उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध तोडू नका. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, काही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर थेट दवाखाना गाठा.

आता आमच्या गटात प्रत्येक घरी लिटरची खूण केलेली एक बाटली आहे. खुणा करायचं काम त्याच ताईंनी मागून घेतलं.