बावखलाला ठेकेदार नसतो

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या समुद्राच्या इतक्या जवळ, तरी त्यांच्या विहिरींना पिढ्यान् पिढ्या गोडं पाणी लागलं. त्यात मोठा वाटा बावखलांचा. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागात खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याला जमिनीखालून आत सरकू देत नाही. आमच्या बावखलाच्या काठावर भेंडीची झाडं होती. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की घरची माणसं आत उतरून गाळ उपसायची आणि तो काळा, चिकट गाळ पाट्यांनी केळीच्या बुंध्याशी पडायचा. ही सगळी व्यवस्था घरच्या कष्टावर चालायची.

मी निर्मळ परिसरात वाढले, शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर वसई-विरार महापालिकेचं अंदाजपत्रक वाचू लागले. बावखलं, खाजणं, नैसर्गिक नाले, तिवरं, किनाऱ्यावरचं सुरूचं बन यांना नियोजनकार आता हरित पायाभूत सुविधा म्हणतात. गटारं आणि रस्त्यांइतकीच शहराला त्यांची गरज असते. मग त्यांच्या वाट्याला पैसा का येत नाही? याचं उत्तर मला भूगोलाइतकंच मतांच्या गणितात सापडतं.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. महापालिकेचा खर्च सोळा जणांच्या स्थायी समितीतून मंजूर होतो. तिथे बहुमताच्या पक्षाचा शब्द चालतो. आयुक्त राज्य सरकार नेमतं. जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वाटला जातो. केंद्राकडून वित्त आयोगाचं अनुदान येतं. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी स्वतंत्र निधी दिला आणि त्या यादीत वसई-विरार आहे. शिवाय मालमत्ता कराच्या बिलात आपण वृक्ष कर भरतोच. म्हणजे पैशाच्या वाटा अनेक आहेत, पण जवळपास प्रत्येक वाटेवर कुठल्या ना कुठल्या पक्षाचा माणूस उभा आहे.

इथला पक्षही खास इथलाच. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावं मिळून महापालिका झाली. पहिल्या निवडणुकीपासून ती हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीकडे राहिली. २०१५ मध्ये ११५ पैकी शंभराहून अधिक जागा या एका पक्षाला मिळाल्या. नालासोपारा आणि विरार पूर्वेला दाट वस्ती वाढत होती आणि तिथला मतदार नळाचं पाणी आणि रस्ता मागत होता. ही मागणी रास्तच होती. पक्षाने जोर तिथे लावला, कारण मतं तिथे होती. हिरवा पट्टा पश्चिमेला आणि तिथली मतं तुलनेने थोडी. त्यात या पट्ट्यातल्या अनेक गावांना महापालिकाच नको होती.

या नकाराचीही पार्श्वभूमी आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बांधकामाची लाट आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना रस्त्यावर आणलं. पुढे गावं वगळण्याच्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित २००९ मध्ये वसईतून आमदार झाले. २०११ मध्ये राज्य सरकारने एकोणतीस गावं वगळण्याचा निर्णय घेतला, महापालिका न्यायालयात गेली आणि प्रकरण दहा वर्षांहून जास्त रेंगाळलं. अखेर २०२४ मध्ये सरकारने गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं. या आंदोलनाने हिरवा पट्टा वाचवायला मोठी मदत केली, हे मी अभिमानाने सांगते. पण गाव कुणाचं हेच ठरलेलं नसताना तिथल्या तळ्यांवर वर्षानुवर्षांची गुंतवणूक कोण करणार?

आणि पाणी तर मतदारसंघ पाहत नाही. तुंगारेश्वरच्या डोंगरावरचा पाऊस महामार्ग आणि रेल्वे ओलांडून पश्चिमेच्या सखल जमिनीतून खाड्यांकडे जातो. पश्चिमेची खाजणं आणि बावखलं बुजली की ते पाणी पूर्वेत तुंबतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याची गाडी अडकली, मिठागरांतली कुटुंबं पाण्याने वेढली गेली. त्यानंतर महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरीच्या तज्ज्ञांकडून कारणं शोधून घेतली. पावसाचं पाणी थोपवून धरणारे धारण तलाव आणि मोकळे नाले हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. बावखल लहान प्रमाणात हेच काम करत आलं आहे.

मग अडतं कुठे? उड्डाणपुलाचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, फलक लागतो आणि निवडणुकीत तो दाखवता येतो. बावखल राखायचं तर फक्त ते बुजवू द्यायचं नाही आणि दरवर्षी गाळ काढायचा. त्यात ठेकेदार नाही, नारळ फोडायला जागा नाही. फायदा दिसतो तो पाच-दहा वर्षांनी, न आलेल्या पुरात. उलट तीच जमीन भरावाखाली गेली की तिचा भाव लगेच वाढतो. आमच्या शेजारचं एक बावखल डंपरने माती ओतून बुजवलं गेलं. मी अर्ज घेऊन गेले, तर पहिला प्रश्न आला, ‘सातबाऱ्यावर नोंद आहे का?’ तशी नोंद नव्हती. कागदावर जे नाही ते वाचवायला निधीही नाही आणि कुणावर जबाबदारीही नाही.

कागदावर असूनही काय होतं, ते नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत दिसलं. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं उघड्यावर आली. शहराला तो प्रकल्प वेळेवर मिळाला नाही आणि त्या माणसांचं घरही गेलं. चार मजले रातोरात चढत नाहीत. इतकी वर्षं बघणाऱ्यांनी बघितलं आणि गप्प राहिले, कारण प्रत्येक मजल्यावर मतदार राहायला येत होते.

जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. पक्ष बाजूला झाले म्हणून झाडांचं आणि तळ्यांचं भलं झालं, असं मला दिसलं नाही. वृक्ष प्राधिकरणात नगरसेवक नव्हते, म्हणजे झाड तोडण्याच्या प्रस्तावाला लोकांच्या वतीने विरोध करणारं कुणी नव्हतं. म्हणून राजकारणच नको, ही भाषा मला पटत नाही. राजकारण हवं, पण त्यात बावखलाला जागा हवी.

हे शक्य आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये वर्कर्स पार्टीने अंदाजपत्रकाचा काही भाग वस्त्यांमधल्या सभांपुढे ठेवला आणि आधी सांडपाण्याचे नळ, पाणी अशा न दिसणाऱ्या कामांना पैसा मिळू लागला. आपल्या पुण्यातही २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवली जातात. नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण हे तर चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांच्या यादीतच घातलं आहे.

माझ्या तीन मागण्या आहेत. सिडकोच्या काळातला विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला होता. नव्या आराखड्यात प्रत्येक बावखल, तलाव आणि नाला मोजून त्याच्या हद्दीसह दाखवावा. अंदाजपत्रकात गाळ काढण्यासाठी आणि देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष असावं. ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीतलं बावखल राखलं, त्याला मालमत्ता करात सवलत मिळावी, कारण त्याच्या तळ्याचा उपयोग नालासोपाऱ्यातल्या भाडेकरूलाही होतो.

तो भाडेकरू आणि निर्मळचा वाडीवाला आजवर वेगवेगळ्या सभांना जात आले आहेत. दोघांनी मिळून एकाच नगरसेवकाला एकच प्रश्न विचारावा: यंदाच्या अंदाजपत्रकात पाणी मुरवण्यासाठी किती रुपये आहेत? हे उत्तर आकड्यात द्यावं लागेल, तेव्हा प्रत्येक पक्षाला बावखलाची आठवण होईल.