मेल्बाच्या घरचं पाहुणं पिल्लू

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे आपण मुलांना शिकवतोच. आफ्रिकेतल्या मेल्बाची गोष्ट मात्र निराळीच आहे, बरं का!

मेल्बा आपल्या मुनियेच्याच कुळातली, जेमतेम १२-१३ सेंटिमीटरची. सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या कोरड्या, काटेरी माळांवर गवताचं बी आणि वाळवी टिपत हिंडते. नराचं तोंड लालचुटूक, मादीचं डोकं साधं राखाडी. झुडपात गवताचं गोल घरटं बांधायचं आणि दोघांनी आळीपाळीने अंडी उबवायची, असा त्यांचा संसार.

त्यांची पाठ वळली की 'पॅरडाइज व्हिडा' या पक्ष्याची मादी तिथे आपलं अंडं घालून जाते. तिचं पिल्लू मेल्बाच्या पिल्लांना बाहेर ढकलत नाही. त्यांच्याच बरोबरीने वाढतं. त्याच्या तोंडातले ठिपकेही थेट त्यांच्यासारखे! मग चोच उघडली की मेल्बा घास भरवणारच. पण एक तोंड वाढलं की खेपा वाढतात, आणि ओढाताण होते ती तिचीच.

१९६४ साली जर्मन पक्षीशास्त्रज्ञ युर्गेन निकोलाय यांनी दाखवून दिलं, की व्हिडाचा नर मोठेपणी मेल्बाचं गाणं गातो. मादीही त्याच गाण्यावरून जोडीदार ओळखते, आणि अंडं घालायला घरटंही मेल्बाचंच शोधते.

रंगरूप आईबापांचं, पण गाणं मात्र वाढवणाऱ्या घरचं! लहानपणी कानांवर पडलेलं असं जन्मभर पुरतं. घरात बोलताना आपणही हे ध्यानात ठेवायला हवं, नाही का?