नामसमूहातील विशेषणांचा अन्वय : इंग्रजी व मराठी

नामाभोवती अनेक विशेषणे जमली म्हणजे त्यांपैकी कोणते कोणत्या नामाचे, हा प्रश्न इंग्रजी मजकूर मराठीत आणताना वरचेवर उभा राहतो. इंग्रजीत साधी विशेषणे प्रधान नामाच्या आधी येतात, तर संबंधी वाक्ये व ‘ऑफ’ने जोडलेले समूह त्याच्या मागाहून. मराठीत प्रधान नाम बहुधा शेवटी असते.

बारामतीजवळच्या जळोचीचे नाव घेऊन एक साधे उदाहरण रचता येईल. ‘द सन ऑफ द फार्मर हू केम फ्रॉम जळोची’ या समूहात जळोचीहून कोण आला, शेतकरी की त्याचा मुलगा? ‘हू’ या सर्वनामाला लिंगवचनाचा विकार नसल्यामुळे रचनेवरून निर्णय होत नाही. तो संदर्भावर सोपवावा लागतो. मराठीत मात्र ‘जळोचीहून आलेला शेतकऱ्याचा मुलगा’ म्हटले की मुलगा आला, आणि ‘जळोचीहून आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा’ म्हटले की शेतकरी. धातुसाधिताच्या एका रूपभेदाने काम भागते. (गावाच्या नावाअखेरचा ‘ची’ येथे प्रत्ययाचे काम करीत नाही, ‘जळोचीची शाळा’ असे षष्ठी लावूनच म्हणावे लागते.)

यावरून मराठी रचना नेहमीच निःसंदिग्ध असते असे समजणे घाईचे होईल. मुलाला ‘ने’ प्रत्यय लावताच ‘जळोचीहून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने अर्ज केला’ असे वाक्य होते, आणि ‘आलेल्या’ हे रूप आता दोघांनाही सारखेच लागू पडते. सामान्यरूपात विशेषणाचे लिंगवचनभेद लोपतात, हे त्याचे कारण. मुलाच्या जागी मुलगी किंवा मुले घातली तरी ‘आलेल्या’ बदलत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय पुस्तकांपर्यंत सामान्यरूपाचा विचार झालेला आहे, पण तो मुख्यतः रूपसिद्धीचा भाग म्हणून शिकविला जातो, अन्वयाचा म्हणून क्वचितच.

अर्जात किंवा खरेदीखतात हा संदेह महाग पडू शकतो. मुलगा अभिप्रेत असेल तर विशेषण त्याच्याजवळ न्यावे : ‘शेतकऱ्याच्या जळोचीहून आलेल्या मुलाने’. शेतकरी अभिप्रेत असेल तर शब्द हलवून भागत नाही. तेथे ‘जो शेतकरी जळोचीहून आला, त्याच्या मुलाने’ अशी जोडवाक्याची वाट धरावी लागते. ती लांब आहे, परंतु अचूक आहे.

नामांना नामे जोडण्याच्या इंग्रजी पद्धतीत अडचण निराळी असते. बारामती-इंदापूर भागाला पाणी देणाऱ्या ‘नीरा लेफ्ट बँक कॅनाल’ या नावात ‘लेफ्ट’ हे तीराचे विशेषण आहे, कालव्याचे नव्हे. रूढ मराठीने तीर गाळला आणि ‘नीरा डावा कालवा’ म्हटले. ‘डावा’ आता कालव्याच्या लिंगाप्रमाणे चालतो. शब्दशः भाषांतर करणारा येथे ‘नीरेच्या डाव्या तीराचा कालवा’ लिहील. तेही चुकीचे नाही. मात्र शेतकरी त्या नावाने पाणी मागत नाही.