फैजपूरचा तांबडा आणि निळा

ब्रिटिश अमदानीच्या सरकारी दप्तरांत खानदेशातील फैजपूरची ख्याती नमूद आहे ती छापील सुती वस्त्रांबद्दल आणि तेथील रंगाऱ्यांच्या गडद निळ्या-तांबड्या रंगांबद्दल. निळीच्या रांजणातून हिरवट निघालेले कापड वारा लागताच निळेशार होते, हा चमत्कार ज्यांच्या नित्य परिचयाचा, त्यांना फिकेपणाचे अप्रूप ते काय असणार! याच गावी डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून त्याची सजावट सिद्ध करणाऱ्या चित्रकार नंदलाल बोस यांनीच पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी ठसठशीत रंगांची भित्तिपत्रे रंगविली. आज मात्र नव्या घरांना ‘ऑफ व्हाइट’ फासण्याचा जणू हुकूमच सुटला आहे. ही सुरुची नव्हे, निव्वळ भिडस्तपणा. निदान एक भिंत गडद निळी करावी; शेजारची चुन्याने पांढरी ठेवली, तर निळी अधिकच खुलते.