तळ्यातील लाल अळी : शत्रू नव्हे, माशाचा घास



बोर्ली पंचतनच्या वाड्यांतून मत्स्यपालनाच्या तळ्याचा गाळ उपसला, की त्यात लालभडक बारीक अळ्या वळवळताना दिसतात. संध्याकाळी काठावर डासासारख्या चिलटांचे थवे उठतात. मग कोणीतरी सांगतो, "औषध मारा." तसे मुळीच करू नका. अळीबरोबर मासाही जाईल.

ओळख : डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी राहते. ही लाल अळी तळच्या गाळात मऊ नळी करून राहते आणि कुजका पाला, शेवाळ खाते. आपल्या रक्तासारखाच लाल पदार्थ तिच्या अंगात असतो, म्हणून कमी प्राणवायूतही ती तगते. तिचे चिलट चावत नाही, थोडेच दिवस जगते.

उपयोग : मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे. त्यांना ही अळी म्हणजे फुकटचा पौष्टिक खुराक! कटला वरच्या थरात चरतो. नुसता कटला सोडलात तर हा खुराक तसाच पडून राहील.

मोजणी कशी करावी : दर पंधरा दिवसांनी तळ्यात त्याच चार-पाच जागांचा ओंजळ-ओंजळ गाळ काढा. बारीक चाळणीत धुऊन अळ्या मोजा व वहीत मांडा.

- बोटुकली सोडल्यावर अळ्या घटल्या, तर बहुधा मासे त्या खात आहेत. चिंता नको.
- अळ्या भरमसाट वाढल्या, गाळ काळा पडला आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला, तर तळाशी कुजके फार झाले आहे. शेण व खाद्य थांबवा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर लगेच ताजे पाणी सोडा.

खबरदारी : शेण गुंठ्याला वर्षाकाठी सुमारे 100 किलो धरावे. तेही एकदम न ओतता हप्त्याहप्त्याने टाकावे. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारता, त्यातला मोरचूद माशांना विषारी आहे. पंप तळ्यात धुऊ नका. वाडीचे फवाऱ्याचे पाणी तळ्यात येणार नाही असा बांध घाला.

तेव्हा बाटली उघडण्याआधी गाळ चाळा. अळी काय सांगते ते बघा, मगच उपाय करा.