विश्लेषण : ‘नोट’ नावाचे कर्ज! वचनचिठ्ठीपासून ट्रेझरी नोटपर्यंत काय फरक? पैसे कधी अडकतात?

‘नोट’ म्हटले की खिशातला पैसा आठवतो. वित्तव्यवहारात मात्र नोट म्हणजे ‘ठरलेली रक्कम परत करीन’ हे लेखी वचन, म्हणजेच कर्जाचा कागद. हातउसन्या पैशांच्या चिठ्ठीपासून अमेरिकी सरकारच्या रोख्यांपर्यंत अनेक कागद याच नावाने ओळखले जातात. त्यांतील जोखीम मात्र सारखी नसते.

वचनचिठ्ठी म्हणजे काय?

प्रॉमिसरी नोट अर्थात वचनचिठ्ठीची व्याख्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ४ मध्ये आहे. वचन लेखी आणि विनाअट हवे, रक्कम निश्चित हवी आणि देणाऱ्याची सही हवी. ‘जमीन विकली गेली तर पैसे देईन’ असे लिहिलेली चिठ्ठी वचनचिठ्ठी ठरत नाही.

ओळखीत पैसे देताना चूक कुठे होते?

पहिली चूक तिकिटाची. वचनचिठ्ठीवर योग्य मुद्रांक नसेल तर न्यायालय ती पुरावा म्हणून स्वीकारत नाही. इतर अनेक दस्तऐवजांप्रमाणे दंड भरूनही ही उणीव दूर करता येत नाही. त्यामुळेच महसुली तिकिटावर आडवी सही घेतात. दुसरी चूक मुदतीची. ‘मागाल तेव्हा देईन’ अशा चिठ्ठीवर दावा करण्याची तीन वर्षांची मुदत साधारणपणे चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जाते, पैसे मागितल्याच्या दिवसापासून नाही. मुदत संपण्याआधी कर्जदाराने लेखी कबुली दिली, तर ती नव्याने सुरू होते. ‘देतो, देतो’ या तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही.

कंपन्याही अशी चिठ्ठी देतात का?

होय. भारतात १९९० पासून असलेले कमर्शियल पेपर हे वचनचिठ्ठीच्याच स्वरूपाचे असते. मुदत सात दिवस ते एक वर्ष आणि तारण काहीच नाही. कंपनीची पत हाच आधार. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘आयएल अँड एफएस’ समूहातील वित्त कंपनीने अशा कागदांचे पैसे थकवले. काही आठवडे आधीपर्यंत या समूहाच्या कर्जाला सर्वोच्च पतमानांकन होते. काही लिक्विड म्युच्युअल फंडांकडे हे कागद असल्याने त्यांतील गुंतवणूकदारांनाही झळ बसली.

ट्रेझरी नोट पूर्ण सुरक्षित असते का?

अमेरिकी सरकारच्या एक वर्षापर्यंतच्या कर्जाला ट्रेझरी बिल, दोन ते दहा वर्षांच्या कर्जाला नोट आणि २० व ३० वर्षांच्या कर्जाला बॉण्ड म्हणतात. नोटेवर दर सहा महिन्यांनी व्याज मिळते. पैसे बुडण्याची भीती नगण्य. पण बाजारातील व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या नोटेचा भाव उतरतो. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते, मध्येच विकणाऱ्याला तोटा होतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेला रोखे घाईने विकून सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि दोनच दिवसांत ती बंद पडली.

कन्व्हर्टिबल आणि स्ट्रक्चर्ड नोट काय आहेत?

कन्व्हर्टिबल नोट म्हणजे पुढे समभागांत बदलता येणारे कर्ज. भारतात मान्यताप्राप्त स्टार्टअप अशी नोट देऊ शकतात; त्यासाठी एकाच हप्त्यात किमान २५ लाख रुपये गुंतवावे लागतात. स्टार्टअप बुडाल्यास समभाग आणि रक्कम दोन्ही हातचे जाऊ शकते.

स्ट्रक्चर्ड नोटेचा परतावा शेअर निर्देशांक, सोने किंवा चलनाच्या भावाशी जोडलेला असतो. काहींवर ‘मुद्दल सुरक्षित’ असे लिहिलेले असते. मात्र ही हमी देणारी संस्था टिकली तरच ती खरी. लेहमन ब्रदर्सने सप्टेंबर २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यावर तिच्या अशा नोटा घेतलेल्यांना हे कळले.

पैसे गुंतवण्यापूर्वी काय तपासावे?

वचन कोण देतो आहे, तारण आहे का, मुदत किती आणि मध्येच पैसे हवे असल्यास कागद कोण विकत घेईल, हे चार प्रश्न विचारावेत. व्याजाचा दर त्यानंतर पाहावा. बाजारापेक्षा बरेच जास्त व्याज मिळत असेल, तर यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कमकुवत असते.